लेसर वेल्डिंग : सेकंदाला ठोके किती?
हाताने चालवायचे लेसर वेल्डिंग यंत्र घेताना विकणारा सांगतो, ‘पल्स’ म्हणजे प्रकाशाचे ठोके जास्त, तेवढे काम पक्के. आम्हांला हे अर्धेच पटते. ठोका म्हणजे गोधडीचा टाका समजा. हात सेकंदाला ५ मिलिमीटर सरकला आणि ठोके ५ पडले, तर १ मिलिमीटरचे ठिपके एकमेकांना नुसते टेकतात, टाकी गळणारच! ठोके २० केले, की प्रत्येक ठिपका मागच्यावर पाऊण चढतो. पण उष्णताही चौपट : २ जूलचे ५ ठोके म्हणजे १० वॅट, २० ठोके म्हणजे ४०. पातळ पत्र्यावर हात रेंगाळला, की पत्रा वाकलाच, नाहीतर भोक. तेव्हा आधी हाताचा वेग बघावा, मग ठोके लावावेत. आणि हो, हा किरण डोळ्यांना दिसत नाही. नेहमीच्या वेल्डिंगच्या काचेवर भागवू नका. त्याच लेसरचा चष्मा मागून घ्या.