जंगल पुढे, माणसं मागे

चौकटीत अगदी पुढे एक भलीमोठी खार, अंगावरचा केसन् केस रेखलेला. मागे दूरवर लाकडी घर, आणि संवादाचा फुगा असा लोंबलेला, की बेकायदा शिकारीबद्दल घरातला माणूस बोलतोय की खुद्द खारच, कळू नये! ‘मार्क ट्रेल’ या चित्रमालिकेतल्या अशा चौकटींवर अमेरिकी वाचक मनमुराद हसत आले. पण मालिकेचं मर्म याच मांडणीत आहे. इथे प्राणी शोभेला नाहीत. कथानकच त्यांच्या मागून चालतं.

एड डॉड यांची ही मालिका १५ एप्रिल १९४६ रोजी ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये सुरू झाली. डॉड जॉर्जिया राज्यातले. तरुणपणी त्यांनी अमेरिकेतल्या बालवीर चळवळीचे एक प्रवर्तक डॅन बेअर्ड यांच्या शिबिरांत काम केलं होतं. डॉड यांचा नायक मार्क हा वन्यजीवांवर लिहिणारा पत्रकार आणि छायाचित्रकार. चित्रकथांतल्या वेताळासारखा मुखवटा नाही, कवटीची अंगठी नाही. सोबतीला अँडी नावाचा सेंट बर्नार्ड कुत्रा. मुक्काम ‘लॉस्ट फॉरेस्ट’मध्ये. चोरटे शिकारी किंवा नदी नासवणारे भेटले, की आधी समजावणी, मग ठोसा!

रोजच्या पट्टीत असा थरार; रविवारी मात्र गोष्टीला सुट्टी. रंगीत पानावर एखादा प्राणी घ्यायचा, तो खातो काय, राहतो कुठे, त्याला धोका कशाचा, हे चित्रांतून सांगायचं. टॉम हिल यांनी ही रविवारची पानं अनेक वर्षं काढली. १९५० पासून मदतनीस असलेले जॅक एलरॉड यांनी १९७८ मध्ये मालिकेची सूत्रं हाती घेतली. पुढे मार्कचं पाइप ओढणं सुटलं, आणि वर्षानुवर्षं ताटकळलेल्या प्रेयसी चेरीशी त्याचं लग्न लागलं, तेही १९९३ मध्ये!

१९९१ मध्ये डॉड वारले. त्याच वर्षी जॉर्जियातल्या चॅटाहूची राष्ट्रीय वनातल्या सुमारे १६,४०० एकर रानाला ‘मार्क ट्रेल वाइल्डरनेस’ हे नाव मिळालं. वाइल्डरनेसचा कायदा कडक: व्यापारी लाकूडतोड बंद, मोटारींना मज्जाव. ठोशाने एखादा शिकारी पळतो. रान राखायला कायदाच लागतो.

२०२० पासून मालिका ज्यूल्स रिव्हेरा यांच्या हाती आहे. रेषा बदलली, चेरीला स्वतःची कथानकं मिळाली, जुने वाचक कुरकुरले. रविवारचं पान मात्र अजूनही निसर्गाचंच आहे. नायक बदलला तरी चालेल. ते पान गेलं, तर उरेल नुसती मारामारी.