ड्रोनवरील उंचीचा आकडा : अर्थ व पडताळा

पिकांवर औषध फवारण्याच्या कामी ड्रोनचा उपयोग वाढीस लागला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेस मंजुरी दिल्यापासून महिला बचत गटांच्या हातीही हे यंत्र येऊ लागले आहे. फवारणीचे यश ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत उड्डाणाची उंची ही एक प्रमुख गोष्ट होय. ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटरांवर राहिले, तर पंख्यांच्या वाऱ्याने औषध पानांत खोलवर पोचते. ते फार वर गेल्यास तुषार वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात, विहिरीवर किंवा गोठ्यावर जातात. फार खाली आल्यास फवाऱ्याचा पट्टा अरुंद होऊन मधल्या ओळी कोरड्या राहतात, प्रसंगी पंखे पिकात अडकून यंत्र कोसळते. म्हणून चालकाच्या हातातील पडद्यावर दिसणारा उंचीचा आकडा नेमका कशाची उंची सांगतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आकडा कोठून येतो?

सर्वसाधारण ड्रोनमध्ये उंची मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे एक लहानसा वायुभारमापक. उंच जावे तसा हवेचा भार कमी होतो, हे १६४८ साली पास्कल या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून फ्रान्समधील एका डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन सिद्ध करण्यात आले. ड्रोनमधील मापक त्याच तत्त्वावर चालतो. आपल्या पठारी प्रदेशात सुमारे ९ मीटर वर गेल्यास वायुभार १ मिलिबारने उतरतो. उड्डाणाच्या जागी जो भार असेल, तेथे शून्य उंची मानून ड्रोन पुढील हिशेब करते. अर्थात पडद्यावरील आकडा पिकापासूनचा नसून उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो.

चढउताराची जमीन

सपाट शेतात या भेदाने फारसे बिघडत नाही. परंतु शेकडा ५ चढ असलेल्या शेताचे उदाहरण घ्यावे. दीड मीटर उंचीच्या कपाशीवर ड्रोन ४ मीटरांवर ठेवले, म्हणजे शेंड्यापासून अंतर अडीच मीटर राहते. ड्रोन चढाकडे ५० मीटर पुढे गेले की तेथील जमीन अडीच मीटरने उंच झालेली असते. पडद्यावर ४ हाच आकडा दिसत असतो आणि पंखे कपाशीस टेकलेले असतात. उताराकडे तितकेच गेल्यास औषध पाच मीटरांवरून पडू लागते. अशा जमिनीत खालच्या बाजूस रडार असलेले व जमिनीच्या चढउतारानुसार उंची बदलणारे ड्रोन वापरावे. ते नसल्यास समपातळीत, उतारास आडवे पट्टे घ्यावे व प्रत्येक पट्ट्याची उंची नव्याने ठरवावी.

हवामानाचा परिणाम

वायुभार दिवसभर एकसारखा राहत नाही. आपल्याकडे तो सकाळी १० च्या सुमारास सर्वाधिक असतो व दुपारी ४ च्या सुमारास नीचांकास पोचतो. उन्हाळ्यात हा फरक ३ ते ४ मिलिबार भरतो. म्हणजे तासाला सुमारे अर्धा मिलिबार, आणि दहा मिनिटांत उंचीच्या मापात पाऊण मीटर. भार उतरला की आपण वर आलो, असे केवळ वायुभारावर विसंबणारे ड्रोन समजते व खाली सरकते. सायंकाळी भार वाढू लागताच ते उलट वर चढते. प्रत्येक वेळी बॅटरी बदलल्यावर त्याच सपाट जागेवरून नव्याने उड्डाण करावे व उंची शून्यावर आहे याची खात्री करून घ्यावी, याचे कारण हेच होय.

उष्णतेचा परिणाम अधिक उंचीवर जाणवतो. १५ अंश सेल्सिअस तापमान धरून हिशेब करणारे ड्रोन ४० अंशांच्या उन्हात १२० मीटर दाखवीत असेल, तर ते प्रत्यक्षात सुमारे १० मीटर अधिक वर असते. ड्रोन नियम, २०२१ अन्वये हिरव्या क्षेत्रातील मर्यादा सर्वसाधारणपणे १२० मीटर असल्याने, पाहणीसाठी उंच उडविणाऱ्यांनी पुरेसे अंतर राखूनच उडवावे.

उपग्रहांवरून मिळणारी उंचीही बिनचूक नसते. उपग्रह केवळ डोक्यावरच्या बाजूस असल्यामुळे उभ्या मापातील चूक आडव्या मापातील चुकीपेक्षा मोठी असते. शिवाय ती उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून ५० मीटरांपेक्षाही अधिक कमी भरते. जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळविणारी आरटीके पद्धत असेल, तर चूक काही सेंटिमीटरांवर येते. मात्र पीक किती उंच आहे, हे तीही सांगत नाही.

पडताळा कसा घ्यावा?

पाच मीटरांच्या बांबूवर प्रत्येक मीटरास रंगाचा पट्टा मारून तो बांधावर उभा करावा. टाकी रिकामी ठेवून, माणसे व जनावरे दूर करून, बांबूपासून काही मीटर बाजूस ड्रोन तरंगते ठेवावे. चालकाने पंचवीस पावलांवर अशा जागी उभे राहावे की ड्रोन व बांबू दोन्ही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर येतील. मग पट्टा व पडद्यावरील आकडा ताडून पाहावा. दहा मिनिटे उडवून ड्रोन मूळ जागीच उतरवावे. जमिनीवर असताना पडद्यावर जो आकडा उरेल, तितकी चूक त्या उड्डाणात साचली असे समजावे.

या पडताळ्यास अर्धा तास पुरतो. वाया जाणारे औषध, शेजाऱ्याच्या पिकाची हानी व मोडलेले यंत्र यांच्या मानाने हा वेळ थोडा आहे. हंगामाच्या प्रारंभी, तसेच नव्या शेतात पहिल्यांदा उतरण्यापूर्वी प्रत्येक चालकाने हा पडताळा अवश्य घ्यावा.