आधी एक खोली, मग सगळं घर

तुर्भ्याच्या एपीएमसीत धान्याच्या गाळ्यांवरून मांजराला सहसा कुणी हाकलत नाही. पोत्यांच्या थप्प्यांत उंदीर आहेत तोवर त्याची नोकरी पक्की. दिवाळे गावात मासळी उतरली की तिथलं मांजरमंडळही वेळेवर हजर. सिडकोने १९७० नंतर खाडीपलीकडे सेक्टर पाडून नवी मुंबई आखली. मांजरांनी आपले सेक्टर स्वतःच पाडले. स्टिल्ट पार्किंग, मीटर रूम, जिन्याखालचा कोपरा. पावसाळ्यात गाडीच्या बॉनेटखाली ऊब शोधत शिरलेली पिल्लं बाहेर काढणं हा तर इथल्या प्राणिमित्रांचा ठरलेला उद्योग. असं एखादं पिल्लू, गाडीचा धक्का लागलेला बोका किंवा ‘केस फार गळतात’ म्हणून गेटबाहेर सोडलेलं पर्शियन आधी कुणा फॉस्टरच्या, म्हणजे तात्पुरता सांभाळ करणाऱ्याच्या, घरी जातं आणि तिथून व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंमधून कायमच्या घराच्या शोधात निघतं. (पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं तडफडेल अशा अवस्थेत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे सोडणाऱ्याच्या गावीही नसतं.)

घर मिळतं. बास्केट हॉलमध्ये उघडली जाते, सगळे गोल करून बसतात, मोबाइल सरसावतात आणि मांजर एका झेपेत दिवाणाखाली. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच. शेजारच्या काकू डोकावून जातात, मुलं काठीला दोरी बांधून खेळायला बोलावतात, बाबा टॉर्च मारून बघतात. टॉर्चच्या उजेडात दोन हिरवे डोळे चमकतात, बाकी हालचाल शून्य. मग फॉस्टरला फोन जातो, ‘आमचं घर त्याला आवडलेलं दिसत नाही.’

आवडनिवड फार पुढची गोष्ट. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं जुनी माणसं म्हणतात आणि प्राणिशास्त्रही त्याच्या फार विरोधात जात नाही. मांजर जागा ओळखतं ती मुख्यतः वासावरून. गाल, हनुवटी आणि पंजे यांतल्या ग्रंथींचा वास दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या पायाला, माणसाच्या पोटरीला लावत ते आपला मुलूख आखतं. नव्या फ्लॅटमध्ये अशी एकही खूण त्याची स्वतःची नसते. त्यात फिनेलचा भपका, कुकरच्या शिट्या आणि पाच अनोळखी माणसं. अशा वेळी दोन बेडरूम, हॉल आणि किचन एकदम खुलं करून देणं म्हणजे प्रेमापोटी केलेला छळच.

म्हणून पहिले काही दिवस एकच खोली. वन बीएचके असेल तर बेडरूम, तेही जमत नसेल तर पडदा लावून आडोसा केलेला कोपरा. खाणं-पाणी एका टोकाला, लिटरचा ट्रे दुसऱ्या टोकाला, कारण जिथे जेवायचं तिथे शी करणं मांजराला मुळीच पसंत नाही. फॉस्टरच्या घरचं एखादं न धुतलेलं फडकं मागून आणावं. ओळखीच्या वासाचं तेवढंच त्याच्यासोबत येतं. आणि लपायला एक खोका. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर केलेला एक छोटा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहांना लपायला खोका दिला होता, नवांना नाही. खोकेवाली मांजरं लवकर सावरली. ऑनलाइन मागवलेल्या मिक्सरचा खोका या कामाला उत्तम चालतो. दिवाणाखाली हात घालून ओढून काढण्यापेक्षा दिवाणाची फट आधीच बुजवून खोका मोकळ्यावर ठेवला, तर ते लपतं पण नजरेसमोर राहतं.

माणसाने काय करायचं? जमिनीवर बसायचं, पुस्तक वाचायचं, टक लावून बघायचं नाही. रोखून पाहणं ही मांजराच्या भाषेत धमकी. उलट डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडले, तर तेही बऱ्याचदा तसंच उत्तर देतं. ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासाने २०२० मध्ये हे तपासून पाहिलं: अशी सावकाश उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरं अधिक सहज आली. तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे, असा एक ठोकताळा दत्तक देणारी मंडळी सांगतात. तो ठोकताळाच समजावा. रस्त्यावर वाढलेला प्रौढ बोका अधिक वेळ घेईल. माणसाच्या हातात वाढलेलं पिल्लू दुसऱ्याच दिवशी उशीवर सापडेल. पिल्लाचा दुसरा ते सातवा आठवडा माणसाची सवय लागण्याचा खरा काळ असतो आणि त्यात काय घडलं ते नव्या घराला बहुधा माहीतच नसतं.

धीर धरायचा, पण एका बाबतीत नाही. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर पशुवैद्य गाठावा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं.

खाण्यावरून आपल्याकडे गैरसमज फार. मांजर म्हणजे दूध, हे चित्र बालगीतांपासून पक्कं झालेलं. प्रत्यक्षात बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि त्याचा परिणाम ट्रेमध्ये दिसतो. दूध-पोळीवर मांजर जगतं, धडपणे वाढत नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल त्याला प्राणिज अन्नातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय निकामी होतं, हृदयाचं कारण तर १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्धच केलं. शाकाहारी घराने मांजर आणावं, जरूर आणावं, पण त्याच्या ताटात काय पडणार हे आजीशी आधी बोलून घ्यावं.

ट्रेमधल्या मातीची गंमत वेगळीच. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या एड लो नावाच्या विक्रेत्याने शेजारणीला राखेऐवजी चिकणमाती दिली आणि एक धंदा उभा राहिला. आज वापरतात त्या गोळे होणाऱ्या लिटरमधलं बेंटोनाइट आपल्या कच्छमध्ये भरपूर निघतं. हे गोळे कमोडमध्ये टाकू नयेत. पाइप तुंबला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांजराचा विषय निघतो आणि मग तो बरीच वर्षं निघत राहतो.

दत्तक देताना ‘खिडक्यांना जाळी आहे का?’ हा प्रश्न हटकून येतो आणि अनेकांना तो आगाऊपणा वाटतो. तो तसा नाही. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात उंचावरून पडून आलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये छापली गेली. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली. हाच आकडा पुढे करून ‘मांजर काय, चार पायांवर पडतं’ असं सांगितलं जातं, पण जागीच मेलेली मांजरं दवाखान्यात येत नाहीत हे विसरलं जातं. नवी मुंबईत कबुतरांसाठी नायलॉनची जाळी घरोघर असते. मांजर ती कुरतडू शकतं, म्हणून त्याच्या उंचीपर्यंत तरी स्टीलची जाळी हवी. स्लायडिंग खिडकीची फट आणि बाथरूममधली काचेच्या पट्ट्यांची खिडकीही बघावी; ती डक्टमध्ये उघडते आणि डक्टमध्ये पडलेलं मांजर काढायला कधीकधी अग्निशमन दल बोलवावं लागतं. मावशी कामाला येतात तेव्हा सेफ्टी डोअर लावून घेण्याची सवय साऱ्या घराला लागली पाहिजे.

औषधांचा डबा कुलपात ठेवावा. अर्धी पॅरासिटामॉलही मांजराचा जीव घेऊ शकते. पिसवांसाठी कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध लावणं तितकंच घातक. घरात आधीपासून मांजर असेल तर नव्याची तपासणी आणि लसीकरण झाल्याशिवाय दोघांची गाठ घालू नये. नंतरही बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या ठेवून सुरुवात करावी. खेळण्यावर खर्च करायचा नसेल तर मैदानाच्या कडेला उगवणारी खोकली उपटून आणावी. तिच्या मुळाच्या वासाने कित्येक मांजरं खुळावतात. पानांचं त्यांना काही नसतं.

दिवाळी अंक हाती पडतो ते दिवस मात्र मांजर आणायचे नव्हेत. त्याला ८५ हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला फार तर २० हजार. नव्या जागेत पहिल्याच रात्री सुतळी बॉम्ब ऐकलेलं मांजर आठवडाभर मागे जातं. शिवाय भेट आलेल्या पुष्पगुच्छात लिली असतेच; तिचा परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतो. तेव्हा तुळशीचं लग्न होऊन फटाके थांबेपर्यंत थांबा, मधल्या काळात जाळीवाल्याला बोलावून खिडक्यांची मापं घ्या आणि मग फॉस्टरला फोन करा.