शर्यतीची मोटार आणि बेताचा पैसा

जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली 'एमएक्स-५' ही दोन आसनांची उघडी मोटार बाजारात आणली. वजन सुमारे एक हजार किलो, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर आणि सुटे भाग मुबलक. त्यामुळे बेताच्या पैशांत शर्यतीच्या वर्तुळमार्गावर उतरू पाहणारे पुष्कळ हौशी चालक हिचीच निवड करतात. त्यांचे मन प्रथम धावते ते इंजिनाची शक्ती वाढविण्याकडे. परंतु पैसा आधी खर्चावा, तो गाडी थांबविण्यावर.

वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि वळणापूर्वी वेग आवरताना तिची ब्रेकमध्ये उष्णता होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पेडल दाबले तरी बुडबुडेच दबतात. गाडी थांबत नाही.

म्हणून ताजे तेल, उष्णता सोसणारे ब्रेकपॅड, चांगले टायर आणि गाडी उलटल्यास डोके वाचविणारी पोलादी कमान यांवर आधी खर्च व्हावा. इंजिनाची पाळी शेवटी. थांबण्याची खात्री असलेला चालकच वळणाच्या तोंडापर्यंत वेग राखू शकतो, आणि शर्यतीतला वेळ वाचतो तोही तेथेच.