पाचव्या वर्षाचं वजन

वजनाचं ऑपरेशन झालं की पहिलं वर्षभर माणसाला एकच प्रश्न ऐकू येतो, ‘किती उतरलं?’ सोसायटीत, गाडीतल्या ग्रुपमध्ये, लग्नाच्या मांडवात. आकडा दर महिन्याला खाली जात असतो, त्यामुळे उत्तर द्यायलाही बरं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हा प्रश्न बंद होतो आणि नेमका त्याच सुमारास काटा पुन्हा वर सरकू लागतो. मदतीची खरी गरज तेव्हा असते, पण तोवर डॉक्टरांकडे जाणंही थांबलेलं असतं. ‘एवढे लाख घातले आणि परत तेच’ हे घरी ऐकलेलं वाक्य दवाखान्यातही ऐकावं लागेल, अशी धास्ती असते. हा लेख तिसऱ्या-चौथ्या वर्षात पोचलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया घरोघरी चर्चेत आली ती २०११ मध्ये. नितीन गडकरी तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि मुंबईत त्यांच्यावर बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झाली. बातमी ठळक छापून आली. पुढची बातमी मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात खासदार अनिल फिरोजिया यांना वजन उतरवण्याचं आव्हान देताना गडकरींनी स्वतःचा आकडा सांगितला. पूर्वी १३५ किलो होतो, आता ९३ आहे. शस्त्रक्रियेला तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती. दौरे, सभा, समारंभांतली जेवणं, एवढं सगळं चालू असताना दहा वर्षांनंतरही आटोक्यात असलेलं वजन ही मला ऑपरेशनपेक्षा मोठी बातमी वाटते.

मग बाकीच्यांचं का वाढतं? मन खंबीर नसतं म्हणून, असं सहज म्हटलं जातं. ते खरं नाही. शरीर आपल्या जुन्या वजनाची राखण करतं. १९९९ मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि भूक चाळवतं. २००२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटाने दाखवलं, की नुसत्या डाएटने वजन उतरवलेल्यांच्या रक्तात हे संप्रेरक २४ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे जितकं उतरवाल तितकी भूक जास्त. जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मात्र ते सर्वसाधारण वजनाच्या माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी आढळलं. शस्त्रक्रियेची ताकद इथे आहे. जठर लहान होतं हा तिचा अर्धाच भाग. भुकेचे निरोप बदलतात हा उरलेला अर्धा. शस्त्रक्रियेचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे: स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिकच काढून टाकतात, बायपासमध्ये जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवून अन्नाची वाट पुढच्या आतड्याकडे वळवतात. पण वर्षं सरतात तशी शरीराची जुनी राखण हळूहळू परत येते, आणि जठराची पिशवीही थोडी सैलावते.

किती वाढतं, याचं सर्वांत विश्वासार्ह उत्तर स्वीडनकडे आहे. तिथे १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची आणि तितक्याच, शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं आणि दहाव्या वर्षी ते २५ टक्क्यांनी कमी होतं. १२० किलोचा माणूस ८२ पर्यंत गेला आणि दहा वर्षांनी ९० वर स्थिरावला, असा त्याचा अर्थ. मधले आठ किलो हे अपयश नाही, ती सरासरी आहे. शस्त्रक्रिया न झालेल्यांचं वजन त्या सगळ्या काळात जवळजवळ जागचं हललं नाही, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांमधला मृत्यूचा धोका वय-आजार वगैरे हिशोबात धरून २९ टक्क्यांनी कमी निघाला. मधुमेहाचं चित्र मात्र सावध करणारं आहे. दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही औषधाविना बरे दिसत होते. दहा वर्षांनी ३६ टक्के. म्हणून साखर एकदा नॉर्मल आली की तपासणी बंद करणं धोक्याचं.

आपल्याकडे स्लीव्हचं प्रमाण मोठं आहे, आणि तिच्याविषयी फिनलंडमधला दहा वर्षांचा अभ्यास बोलका आहे. तिथे स्लीव्ह झालेल्यांचं ‘जादा वजन’ दहाव्या वर्षी ४३.५ टक्क्यांनी कमी होतं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्क्यांनी. उंचीप्रमाणे ६५ किलो असायला हवं तिथे ११० असेल, तर जादा वजन ४५ किलो. त्यातले वीसेक किलो कायमचे गेले, असा स्लीव्हचा हिशोब. हा आकडा ऑपरेशनच्या आधीच समोर ठेवून बोलणारा डॉक्टर निवडावा. आधी-नंतरचे फोटोच दाखवणारा नको.

आता आपल्या गावाकडे, डोंबिवलीशेजारच्या ठाकुर्लीकडे येऊ. ठाकुर्लीला फास्ट गाडी थांबत नाही. स्लोने सीएसएमटी गाठायचं तर सव्वा तासाहून जास्त. सकाळी सातच्या आत घर सोडणारा माणूस चहा-बिस्किटावर निघतो, दुपारी डबा खातो, संध्याकाळी ऑफिसखालच्या गाडीवर वडापाव किंवा भेळ घेतो आणि रात्री नऊ-साडेनऊला दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण जेवतो. ऑपरेशननंतर सांगितलेलं वेळापत्रक याच्या अगदी उलट असतं: दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, वीस मिनिटं सावकाश चावून, जेवणाच्या पुढे-मागे अर्धा तास पाणी न पिता. पहिले तीन-चार महिने रजा आणि धाक यामुळे ते पाळलं जातं. पुढे गाडीचं वेळापत्रक जिंकतं.

आणि इथेच एक गोष्ट घडते, जी पेशंटना कुणी नीट समजावून सांगत नाही. लहान झालेल्या जठरात भाकरी, कोंबडी, उसळ अडकल्यासारखी होते. सावकाश खावी लागते. चिवडा, फरसाण, शिरा, बिस्किटं, आइस्क्रीम मात्र सहज घसरतं. नोकरीवरून दमून आलेला माणूस नकळत जे सोपं जातं तिकडे वळतो. ताटात वाढून घेतलेलं जेवण लहानच असतं, त्यामुळे ‘मी तर काहीच खात नाही’ हे तो मनापासून सांगतो. पण येता-जाता तोंडात टाकलेलं मोजलं जात नाही. वजन परत येण्याचा हा एक मोठा रस्ता आहे. उपासाची साबुदाण्याची खिचडी याच वर्गातली: साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, त्यात प्रथिनं नावापुरती. बायपासनंतर गोड एकदम खाल्लं तर घाम, धडधड, चक्कर येते. तेव्हा गोड टाळण्याची शिकवण शरीरच देतं. स्लीव्हमध्ये हा धाक बराच कमी असतो.

म्हणून प्रथिनं आधी, हा नियम. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. मराठी शाकाहारी ताटात हे गाठणं अवघड आहे, हे मान्य करूनच बोलावं लागतं. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात, वरण-भातावर ६० ग्रॅम होत नाहीत. एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८; सोयाबीनच्या वड्या, घट्ट मूगडाळ, चक्का यांनी फरक पडतो. ठाकुर्लीच्या चोळेगावातल्या जुन्या आगरी घरांना मासळीची सवय आहे. त्यांचं काम सोपं, फक्त तळण्याऐवजी कालवण करावं आणि तांदळाची भाकरी अर्धी करावी. डोंबिवली-ठाकुर्लीत कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत, त्यांच्यावर कित्येक घरं चालतात. तिथून बटाट्याच्या भाजीऐवजी मटकीची किंवा चवळीची उसळ घ्या, पोळी एकच. ऑफिसातून निघण्याआधी, साडेपाचला, छोट्या डब्यातली दोन उकडलेली अंडी किंवा पनीर खाऊन मगच स्टेशन गाठा. एवढं केलं तरी रात्रीचं जेवण आपोआप आटोक्यात येतं.

प्रथिनांचा आग्रह आपल्या लोकांसाठी अधिकच का, याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतीय शरीरात स्नायू मुळात कमी. ऑपरेशननंतर प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, आणि परत येते ती चरबी. मग काट्यावरचा आकडा सारखा दिसला तरी शरीर आधीपेक्षा कमजोर झालेलं असतं.

चालायला ठाकुर्लीकरांकडे नव्वद फुटी रस्ता आहे. वजन टिकवण्यासाठी आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं लागतात, पण नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा बैठका, दंड, डंबेल्स, जे जमेल ते ताकदीचं काम हवंच.

गोळ्या आयुष्यभर आहेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. केस गळणं पहिल्या सहामाहीत दिसतं म्हणून त्याची काळजी सगळे करतात. हाडं ठिसूळ होणं किंवा बी-१२ अभावी पायाला मुंग्या येणं चौथ्या-पाचव्या वर्षी गुपचूप येतं. वर्षातून एकदा रक्त तपासलंच पाहिजे. उलट्या थांबत नसतील तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावं, कारण बी-१ कमी झालं तर मेंदूला इजा होऊ शकते. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोकाही वाढतो. हे बायका-मुलांसमोर स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे. मूल हवं असलेल्या स्त्रीने ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबावं.

वजन परत आलंच तर उपाय आहेत. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आली. बायपासनंतर आतड्यातून ज्या संप्रेरकाचा लोंढा वाढतो, त्याच जीएलपी-१ च्या वाटेने ती काम करतात, म्हणून ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनावरही डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. मात्र अशी औषधं थांबवल्यावर वजन परत येतं. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत, औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं. मेडिकलवाल्याशी ओळख काढून ती घेऊ नयेत. काही मोजक्यांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडते, विशेषतः स्लीव्हनंतर छातीत जळजळ असह्य झाली तर.

पैशाचा मुद्दाही बोलायला हवा. आरोग्यविम्याच्या प्रमाण अटींनुसार बीएमआय ४०, किंवा गंभीर आजारांसह ३५ असेल तर ही शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. पुढे मात्र सहसा साठ ते नव्वद दिवसांपर्यंतचाच खर्च धरतात. पाचव्या वर्षाची रक्ततपासणी, आहारतज्ज्ञाची फी, गोळ्या हे सगळं खिशातून. मुंबईतल्या ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे जायचं म्हणजे एक रजा खर्ची पडणार. कल्याण-डोंबिवली महापालिकेने शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस वजनाच्या पेशंटसाठी ओपीडी ठेवावी, एक आहारतज्ज्ञ बसवावा आणि या तपासण्या तिथे व्हाव्यात. यंत्रं लागत नाहीत. वजनकाटा, रक्ताची नळी आणि ऐकून घेणारा माणूस लागतो.

घरच्यांना विनंती आहे. ‘एवढंच खाल्लंस?’ आणि ‘परत सुटलीस की!’ ही दोन्ही वाक्यं थांबवा. पंगतीतला आग्रह आपल्याकडे प्रेमाचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण या माणसाला दुसऱ्यांदा वाढू नका, आणि त्याच्या ताटातली उसळ आधी संपू द्या.

आणि तुम्ही स्वतः ऑपरेशन करून घेतलेले असाल, तर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी वजन करा. सगळ्यात कमी आलेल्या आकड्यापेक्षा पाच किलो वर गेलात, तर दहाची वाट न पाहता सर्जनला फोन करा. मध्ये कितीही वर्षं गेली असोत, कुणी काहीही बोलो, ती फाइल बाहेर काढा आणि या महिन्यात अपॉइंटमेंट घ्या.