रोपणानंतरची राखण

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरीहून निघालेली लोकल गाडी पार्क टाऊनला थांबते. जवळच राजीव गांधी शासकीय सर्वसाधारण रुग्णालय आहे. तेथे तपासणीसाठी निघालेला एखादा मूत्रपिंडरोपण झालेला गृहस्थ गाडीत शेजारी बसला, तरी आपल्याला ओळखू येणार नाही. २००८ साली अपघातात दगावलेल्या हितेंद्रन या मुलाचे अवयव त्याच्या डॉक्टर मातापित्यांनी दान केले आणि तामिळनाडूत अवयवदानाला मोठी चालना मिळाली.

परंतु वाचकहो, दान मिळाले की काळजी संपली असे नव्हे. आपले शरीर परक्या अवयवाला शत्रू समजते. म्हणून रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे नियमाने घ्यावी लागतात. हा पहारा सैल झाला की क्वचित एक जुना रहिवासी डोके वर काढतो. १९६४ साली शोध लागलेला एपस्टाइन-बार विषाणू बहुतेकांच्या शरीरात निमूटपणे राहत असतो. त्याला धाक उरला नाही, तर रक्तातील काही पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि त्यांतून लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवू शकतो. पुष्कळदा याचे मूळ या विषाणूतच असते. ज्या बालकांना त्याचा संसर्ग पूर्वी झालेला नसतो, त्यांना धोका अधिक. पहिल्या वर्षी विशेष सावध राहावे. मात्र विकार अनेक वर्षांनीही होऊ शकतो.

रेंगाळणारा ताप, घटणारे वजन, रात्री सुटणारा घाम, मान, काख वा जांघेतील गाठ ही त्याची लक्षणे. क्षयरोगाचीही लक्षणे अशीच असल्याने आपल्याकडे फसगत होण्याचा संभव असतो. गाठीचा तुकडा काढून तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही. म्हणून असा ताप अंगावर काढू नये.

उपाय आहेत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केल्यास काही रुग्णांतील गाठी विरून जातात, हे अमेरिकेतील शल्यविशारद टॉमस स्टार्झल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले. आज रिटुक्सिमॅब आणि कर्करोगावरील इतर औषधेही उपलब्ध आहेत.

मात्र मात्रा कमी करण्याचा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. भीतीपोटी गोळ्या आपल्याच मनाने बंद केल्या, तर शरीर नवा अवयव नाकारील. घरच्या मंडळींनी दोनच गोष्टी सांभाळाव्यात: गोळी चुकू देऊ नये आणि गाठ लपवू देऊ नये. कोणा शोकाकुल कुटुंबाने दिलेल्या दानाची हीच खरी राखण.