आजचा शब्द: अनफॉल्सिफायेबल

आजचा शब्द उच्चारायला जरा जड आहे, पण अर्थ सोपा आहे. अनफॉल्सिफायेबल म्हणजे जे खोटं ठरवायला जागाच ठेवलेली नाही असं विधान.

आधी मूळ बघू. लॅटिनमध्ये ‘फाल्सुस’ म्हणजे खोटा आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणं. त्यातून आला ‘फॉल्सिफाय’. इंग्रजीत त्याचा एक अर्थ कागदपत्रांत फेरफार करणं असाही आहे. आपला अर्थ तो नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९३४ च्या आपल्या जर्मन पुस्तकात हा शब्द ‘चूक असल्याचं दाखवून देणं’ या अर्थाने वापरला, आणि तिथून तो गाजला.

पॉपरच्या डोक्यात हा विचार १९१९ पासून घोळत होता. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल, याचा आकडा आइनस्टाइनने आधीच सांगून ठेवला होता. त्या वर्षीच्या ग्रहणात तो चुकला असता, तर सिद्धांत अडचणीत आला असता. उलट मानसशास्त्रज्ञ अॅडलरचा सिद्धांत. एकाने मुलाला पाण्यात ढकललं, तरी कारण न्यूनगंड. दुसऱ्याने त्याला वाचवलं, तरी कारण न्यूनगंडच! पॉपर म्हणाला, सगळ्यालाच लागू पडणं ही ताकद नाही, कमजोरी आहे.

आता आपल्याकडे या. “त्रास कमी झाला? औषध लागू पडलं. वाढला? रोग बाहेर पडतोय.” म्हणजे काहीही झालं तरी औषध बरोबरच! अशा बोलण्यावर विसंबून कोणी डॉक्टरकडे जायला उशीर करतं, तेव्हा हा शब्द नुसता पुस्तकी राहत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अनफॉल्सिफायेबल म्हणजे खोटं नव्हे. ते तपासता येत नाही, इतकंच. आणि दावा नेमका केला, की तपासता येतो. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या: कुठलं मूल हुशार, कुठलं मतिमंद, सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० च्या आसपास येतात.

त्यामुळे पुढचा फॉरवर्ड आला, की भांडू नका. एवढंच विचारा: “काय घडलं तर तुम्ही म्हणाल की हे चुकलं?” उत्तर मिळालं, तर तपासून बघू. “काहीच नाही” म्हणाले, तर आजचा शब्द आठवा.

भेटू पुढच्या भागात!